फूट, मीटर आणि मॅक : गोळीचा वेग एका एककातून दुसऱ्यात कसा न्यावा

पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलीच्या, काडतुसांच्या एका खोक्यावर वेग १,०७० असा छापलेला असतो आणि शेजारच्या खोक्यावर ३२६ असा. नवशिका नेमबाज बहुधा पहिले खोके उचलतो, कारण आकडा मोठा आहे. वस्तुतः दोन्ही खोक्यांतल्या गोळ्या सारख्याच वेगाने नळीबाहेर पडणार असतात. पहिला आकडा सेकंदाला किती फूट हे सांगतो आणि दुसरा सेकंदाला किती मीटर हे सांगतो. निवृत्तीनंतर इंदूरमधल्या एका लहानशा रेंजवर मुलांच्या सरावाची नोंदवही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिच्या वेगाच्या रकान्यात असे तीन तऱ्हांचे आकडे मांडीला मांडी लावून बसलेले मला दिसले आणि त्यांच्यापैकी एकापुढेही एकक लिहिलेले नव्हते. ती वही नीट लावताना जे करावे लागले, तेच येथे क्रमाने सांगितले आहे. यातला गुणाकार सातवीच्या मुलालाही जमण्यासारखा आहे. चुका होतात त्या गुणाकाराच्या आधी आणि नंतर.

आपल्याकडे ही गल्लत अधिक होते याचे कारण आपल्या शस्त्रांच्या इतिहासातच आहे. पोलिसांच्या हातात अनेक वर्षे राहिलेली थ्री-नॉट-थ्री ही इंग्रजी घराण्यातली रायफल असल्यामुळे तिच्या गोळीचा वेग सेकंदाला २,४४० फूट असा सांगण्याचा प्रघात पडला. इन्सास रायफल मेट्रिक जमान्यात घडली, म्हणून तिचा वेग सेकंदाला ९०० मीटर असा सांगितला जातो. इंदूरला रेवती रेंजवर सीमा सुरक्षा दलाचा सराव चालतो आणि तेवीस किलोमीटरवरच्या महूला इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, त्यामुळे या भागात नेमबाजीचे बोलणे कानावर पडतच असते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार त्याच महूच्या युनिटमधले. अशा ठिकाणी निवृत्त सुभेदार फुटांत बोलतो, त्याचा नातू मीटरमध्ये बोलतो आणि वर्तमानपत्र ताशी किलोमीटरमध्ये लिहिते. तिघेही बरोबर असतात, तरी तिघांचे आकडे जुळत नाहीत.

आधी सगळे मीटरमध्ये आणावे

माझा पहिला आग्रह असा की कोणताही वेग एका एककातून थेट दुसऱ्यात नेण्याऐवजी आधी मीटर प्रति सेकंदात आणावा आणि तिथून हव्या त्या एककात न्यावा. फूट, मैल, किलोमीटर आणि मॅक (म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किती पट) यांच्या प्रत्येक जोडीसाठी निराळा गुणक पाठ करू गेल्यास तो ऐन वेळी हमखास उलटा लागतो. मीटर प्रति सेकंद हे मधले जंक्शन मानले, तर तीन गुणक पुरतात. मॅकचे तेवढे निराळे आहे, ते पुढे येईल.

पहिला गुणक फुटाचा. एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. येथे ‘नेमके’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या प्रमुख देशांनी इंच २५.४ मिलिमीटरचा ठरवून टाकला, आणि तेव्हापासून फुटाच्या या गुणकापुढे दशांशाची शेपटी उरलेली नाही. म्हणून सेकंदाचे फूट दिले असतील तर ०.३०४८ ने गुणावे, आणि मीटरवरून फुटांत यायचे असेल तर त्याच संख्येने भागावे. ३.२८०८ ने गुणले तरी चालते. पण तो आकडा तोडलेला आहे आणि पहिला पूर्ण आहे, म्हणून मी एकच संख्या लक्षात ठेवतो आणि गुणायचे की भागायचे एवढेच ठरवतो. ते ठरवण्याची खूणही सोपी आहे. फूट मीटरपेक्षा लहान आहे, तेव्हा त्याच वेगासाठी फुटांची संख्या मोठी आलीच पाहिजे. उत्तर आल्यावर फुटांचा आकडा मीटरच्या आकड्यापेक्षा लहान दिसला, तर कागद फाडून पुन्हा आरंभ करावा.

दुसरा गुणक ३.६ हा. तासाला ३,६०० सेकंद आणि किलोमीटरला १,००० मीटर, यांच्या भागाकारातून तो येतो. मीटर प्रति सेकंदाला त्याने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. तिसरा मैलाचा : एक मैल १,६०९.३४४ मीटरचा, म्हणून ताशी एक मैल म्हणजे सेकंदाला ०.४४७०४ मीटर. गोळीचा वेग ताशी मैलांत परदेशी बातम्यांखेरीज फारसा कोणी देत नाही, तेव्हा या गुणकावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

थ्री-नॉट-थ्रीचे उदाहरण पूर्ण करून पाहू. २,४४० ला ०.३०४८ ने गुणले की ७४३.७१२ येतात, म्हणजे सेकंदाला ७४४ मीटर. ७४३.७१२ ला ३.६ ने गुणले की ताशी २,६७७ किलोमीटर होतात. याच वेगाने जात राहिली तर इंदूरच्या राजवाड्यावरून निघालेली गोळी महूला सुमारे ३१ सेकंदांत पोहोचेल. अर्थात ती पोहोचत नाही. हवेच्या रोधामुळे हजार मीटरच्या आतच तिचा वेग निम्म्याहून खाली येतो, आणि म्हणूनच गोळीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगण्यात नाट्य अधिक आणि माहिती कमी असते. कोणतीही गोळी तासभर तर सोडाच, मिनिटभरही त्या वेगाने धावत नाही. तुलनेपुरता मात्र तो आकडा गमतीचा असतो. मुंबई–अहमदाबाद मार्गावरच्या बुलेट ट्रेनचा नियोजित वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर आहे. माझ्या भाचीच्या एअर रायफलीचा छर्रा त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जातो. नावात बुलेट असली म्हणून गाडीने फार मिरवण्याचे कारण नाही.

तोंडी हिशोब

रेंजवर हातात कॅल्क्युलेटर असतोच असे नाही, आणि असला तरी उत्तर ठीक आहे की नाही हे डोक्याने ताडून पाहता आले पाहिजे. फुटांचे मीटर करताना मी आकड्याला तीनने गुणतो, दहाने भागतो आणि आलेल्या उत्तरात शेकडा १.६ मिळवतो. २,४४० चे ७३२ झाले, त्यात जवळजवळ १२ मिळवले की ७४४. ही युक्ती अंदाजाची वाटते, पण ०.३ ला १.०१६ ने गुणले असता ०.३०४८ तंतोतंत येतात, तेव्हा ती पूर्ण अचूक आहे. उलट दिशेने जाताना मीटरच्या आकड्याला दहाने गुणून तीनने भागावे आणि शेकडा १.६ वजा करावे : ९०० चे ३,०००, त्यातून ४८ गेले की २,९५२. खरे उत्तर २,९५३ आहे. उलट्या दिशेला ही रीत किंचित कमी दाखवते, पण तेवढा फरक कोणत्याही रेंजवर मोजला जात नाही.

सेकंदाच्या मीटरचे ताशी किलोमीटर करण्यासाठी आपल्या जुन्या पाढ्यांतली औटकी अगदी हाताशी आहे. औट म्हणजे साडेतीन. आकड्याची औटकी करावी आणि त्यात त्याच आकड्याचा दहावा भाग मिळवावा, की ३.६ पट झाली. १७२ ची औटकी ६०२, त्यात १७.२ मिळवले की ६१९.२. पावकी, निमकी, पाउणकी पाठ करणाऱ्या पिढीतल्या माझ्या आजोबांना हे सांगितले असते, तर त्यांनी कागदही मागितला नसता. ज्यांना औटकी येत नाही त्यांनी चौपट करून त्यातून दशांश वजा करावा. ६८८ मधून ६८.८ गेले तरी ६१९.२ च उरतात.

फुटांवरून थेट ताशी किलोमीटरचा अंदाज हवा असेल, तर आकड्यात शेकडा दहा मिळवावे. खरा गुणक १.०९७२८ आहे, म्हणून हा अंदाज हजारात अडीचने जास्त येतो, तो चालतो. मात्र हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणे हीच पुढे मोठी अडचण ठरते. तिच्याकडे शेवटी येऊ.

फूटपट्टीने केलेला घोटाळा

वेगाचे एकक बदलताना होणारी सर्वात फसवी चूक मी स्वतः केली आहे, आणि ती गुणाकारात नव्हती.

गोळीचा वेग मोजण्याचे आजचे नेहमीचे साधन म्हणजे क्रोनोग्राफ. त्यात ठरावीक अंतरावर दोन प्रकाश-संवेदक असतात. गोळी पहिल्यावरून गेली की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्यावरून गेली की थांबते. अंतराला वेळेने भागले की वेग. याआधी, १७४२ साली, इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून आणि लंबक किती झुलला ते मोजून वेग काढण्याची रीत मांडली होती. तिच्या तुलनेत आपले काम फार सोपे झाले आहे. इतके सोपे की माझ्या भाच्याने, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, बहिणीच्या एअर रायफलीसाठी असे यंत्र घरीच बनवले. लाकडी पट्टीवर त्याने दोन संवेदक बसवले. अंतर एक फूट ठेवायचे ठरले होते, म्हणून मी कपाटातली फूटपट्टी काढली, शून्यावर एक खूण केली, पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या ३० च्या आकड्यावर दुसरी केली आणि म्हटले, ‘झाला फूट.’

पहिल्या दहा छऱ्यांची सरासरी ५७३ फूट प्रति सेकंद आली. रायफलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ५६५ लिहिले होते. भाची खूश झाली आणि मीही झालो, कारण बनवणाऱ्याने सांगितल्यापेक्षा वस्तू चांगली निघाल्याचा प्रसंग आयुष्यात क्वचित येतो. आठवडाभर तो आकडा आम्ही चारचौघांना सांगितला. मग एके दिवशी ती पट्टी पुन्हा हातात आली आणि लक्षात आले की तिच्या एका कडेला ३० सेंटिमीटर संपतात तिथे दुसऱ्या कडेचा बारावा इंच अजून पूर्ण झालेला नाही; तो साडेचार-पाच मिलिमीटर पुढे आहे. आपण जिला बिनदिक्कत फूटपट्टी म्हणतो तिच्या सेंटिमीटरच्या बाजूला फूट नसतोच. फूट ३०.४८ सेंटिमीटरचा. छऱ्याने ०.३० मीटर अंतर १,७४४ मायक्रोसेकंदांत काटले होते, म्हणजे वेग सेकंदाला १७२ मीटर किंवा ५६४ फूट होता. आमच्या प्रोग्रॅमने मात्र त्याच वेळेत पूर्ण एक फूट काटला असे मानून ५७३ दाखवले. फरक शेकडा १.६ चा. वरच्या तोंडी हिशोबात आपण जो तुकडा मिळवतो तोच हा.

म्हणून क्रोनोग्राफ विकतचा असो वा घरचा, त्याच्या दोन संवेदकांमधले अंतर एकदा स्वतः मोजावे, आणि यंत्राच्या आत ते कोणत्या एककात लिहिले आहे ते पाहावे. विकतच्या यंत्रांत फूट आणि मीटर यांत निवड करण्याचे बटण असते आणि ते बोटाच्या धक्क्याने सहज बदलते. सकाळच्या पहिल्या गोळीआधी पडद्यावरचे एकक मोठ्याने वाचण्याची सवय मी मुलांना लावली आहे. हे मुलांना पोरकट वाटते, पण मी ती सवय सोडू देत नाही.

वेग कुठला

खोक्यावरचा वेग बहुधा नळीच्या तोंडाशी असलेला, म्हणजे मझल व्हेलॉसिटी, असतो. क्रोनोग्राफ मात्र नळीच्या तोंडाला चिकटवून ठेवता येत नाही, कारण बाहेर पडणारा वायू आणि त्याचा झोत संवेदकांना फसवतो. तो दोन-तीन मीटर पुढे ठेवावा लागतो, आणि तेवढ्या अंतरातही वेग थोडा उतरलेला असतो. छऱ्यासारख्या हलक्या वस्तूचा तर चांगलाच उतरतो. त्यामुळे खोक्यावरचा आकडा आणि आपला आकडा जुळला नाही, तर लगेच एककावर संशय घेऊ नये. आधी अंतर विचारावे. आपल्या मुलांच्या तोंडी ज्यांचे नाव सतत असते त्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवले ती स्पर्धा ५० मीटरची आणि पॉइंट टू-टूची. ३२६ मीटरचा वेग कायम राहिला असता तर अशी गोळी ५० मीटर ०.१५३ सेकंदांत गेली असती. प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो, कारण वाटेत ती मंदावते. नोंद करताना वेगापुढे अंतर लिहिले नाही, तर एकक लिहूनही नोंद अर्धीच राहते.

ग्रेन, तोळा आणि ऊर्जा

वेगाचे रूपांतर बहुतेक वेळा पुढे ऊर्जा काढण्यासाठी करतात, आणि तिथे वेगाचा वर्ग येत असल्यामुळे एककाची चूकही वर्गाने फुगते. भाचीच्या छऱ्याचे वजन ०.५३ ग्रॅम आणि वेग १७२ मीटर प्रति सेकंद. वजन किलोग्रॅममध्ये घेऊन वेगाच्या वर्गाने गुणावे आणि निम्मे करावे : ऊर्जा ७.८ ज्यूल. आता ५६४ हा फुटांचा आकडा कोणी मीटर समजून त्याच सूत्रात घातला, तर उत्तर ८४ ज्यूल येते, म्हणजे जवळजवळ अकरा पट. एअर रायफलीच्या परवान्याचा प्रश्न येतो तेव्हा २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूल हा आकडा महत्त्वाचा असल्यामुळे ही निव्वळ वहीतली चूक राहत नाही. निरुपद्रवी रायफल कागदावर भलतीच होऊन बसते. विक्रेत्यांच्या जाहिरातींत फुटांचे मोठे आकडे असतात, त्यांबद्दलही येथेच सांगितलेले बरे : पुष्कळदा ते शिशाऐवजी हलक्या मिश्रधातूचे छर्रे वापरून मिळवलेले असतात. छर्रा हलका केला की वेग वाढतो, ऊर्जा त्या मानाने वाढत नाही.

वजनाचीही एक अडचण आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये छापतात आणि ग्रेनचे इंग्रजी लघुरूप ग्रॅमसारखे दिसते, म्हणून पॉइंट टू-टूची ४० ग्रेनची गोळी ४० ग्रॅमची समजणारे मी पाहिले आहेत. तेवढ्या वजनाची गोळी त्या नळीत शिरणारच नाही. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, आणि ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅम. इंदूरच्या माणसाला यासाठी सराफ्याची आठवण पुरेशी आहे : इंग्रजी अमलात ठरलेला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅमचा होता. आता बाजारात तोळा म्हटले की दहा ग्रॅम धरतात, पण आजीच्या पाटल्या जुन्या तोळ्याने तोललेल्या असतात. थ्री-नॉट-थ्रीची गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे जुन्या तोळ्याला अगदी थोडी कमी.

फूट आणि ग्रेन यांतच राहून ऊर्जा काढायची असेल, तर वजनाला वेगाच्या वर्गाने गुणून ४,५०,४३७ ने भागतात आणि उत्तर फूट-पाउंडमध्ये येते. थ्री-नॉट-थ्रीसाठी ते सुमारे २,३०० येते. एका फूट-पाउंडचे १.३५६ ज्यूल धरले की ३,११८ ज्यूल. मीटर आणि किलोग्रॅमच्या वाटेने गेले तरी ३,११८ च येतात. हिशोब पडताळण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही : दोन वेगळ्या वाटांनी जावे आणि एकाच घरी पोहोचतो का ते पाहावे.

मॅक हे एकक नव्हे

मॅक क्रमांक म्हणजे गोळीचा वेग भागिले त्या हवेतला ध्वनीचा वेग. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या नावावरून तो आला आहे; पीटर साल्चर यांच्यासह त्यांनी १८८७ साली उडत्या गोळीभोवतीच्या आघात-तरंगाची छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांचे नाव या क्रमांकाला याकोब आकरेट यांनी १९२९ मध्ये दिले. हा भागाकार असल्यामुळे त्याला स्वतःचे एकक नाही, आणि म्हणूनच एका ठरावीक संख्येने गुणून मॅकचे मीटर करता येत नाहीत. आधी तापमान विचारावे लागते.

कोरड्या हवेतला ध्वनीचा वेग काढण्याची कामचलाऊ रीत अशी : अंश सेल्सिअसला ०.६ ने गुणावे आणि त्यात ३३१ मिळवावे. जानेवारीतल्या इंदूरच्या पहाटे पारा १० वर असताना ध्वनी सेकंदाला ३३७ मीटर जातो. मे महिन्यातल्या दुपारी ४० वर असताना ३५५ मीटर. आता नळीतून ३४४ मीटर वेगाने सुटणारी गोळी घ्या. जानेवारीत तिचा मॅक क्रमांक १.०२, म्हणून ती ध्वनीपेक्षा वेगवान आणि तिच्या मागे चाबकासारखा कडाका. मे महिन्यात तोच ०.९७, आणि कडाका नाहीसा. प्रत्यक्षात उन्हाने तापलेल्या काडतुसातली दारू थोडी जोराने जळते आणि वेगही थोडा वाढतो, पण तत्त्व तेच राहते. लक्ष्यवेधाच्या पॉइंट टू-टू गोळ्यांचा वेग मुद्दाम ध्वनीच्या खाली ठेवतात, कारण ध्वनीच्या वेगाची सीमा उतरताना गोळी डळमळते. तेव्हा हा भागाकार नेमबाजाच्या उपयोगाचा आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, हवा विरळ आहे, म्हणून ध्वनीचा वेग बदलत असेल, असा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारते. विरळपणामुळे तो बदलत नाही. बदलतो तो तापमानामुळे. उंचीवर तो कमी भरतो, कारण तिथे थंडी अधिक असते, एवढेच.

किती अंक ठेवावेत

२,४४० फुटांचे ७४३.७१२ मीटर होतात हे खरे, पण ७४३.७१२ असे लिहिणे खरे नव्हे. मूळ आकडा दहाच्या पटीत पूर्ण केलेला आहे; त्याचे रूपांतर करून आपण मिलिमीटरपर्यंतची अचूकता हवेतून निर्माण करतो. एकाच खोक्यातल्या दहा गोळ्यांचे वेगही एकमेकांपासून कित्येक मीटरांनी वेगळे निघतात. म्हणून ७४४ लिहावे. आणखी एक : पूर्ण केलेल्या उत्तराचे पुन्हा रूपांतर करू नये. १,०८५ फुटांचे कोणीतरी दहाच्या पटीत पूर्ण करून ३३० मीटर केलेले असतात, दुसरा त्याचे १,०८३ फूट करतो, तिसरा ते १,०८० लिहितो, आणि कोणीही चूक केलेली नसताना पाच फूट हरवतात. मूळ आकडा मूळ एककात जपावा आणि प्रत्येक वेळी त्याच्यापासूनच आरंभ करावा.

गोळ्यांमधला फरकही त्याच गुणकाने बदलतो. सर्वात वेगवान आणि सर्वात मंद गोळीत ४० फुटांचा फरक असेल, तर तो १२ मीटरचा झाला. सेल्सिअस आणि फॅरनहाइटसारखी बत्तीस मिळवण्या-वजा करण्याची भानगड येथे नाही, कारण थांबलेली गोळी सर्व एककांत शून्यावरच असते. शेकड्यात सांगितलेला फरक तर बदलावाच लागत नाही.

आता आमच्या वहीत वेगासाठी एकाऐवजी चार रकाने आहेत : यंत्राने दाखवलेला आकडा जसाच्या तसा, त्याचे एकक, नळीपासूनचे अंतर, आणि मीटर प्रति सेकंदात केलेले रूपांतर. तापमान पानाच्या डोक्यावर असते. संगणकावर हेच करताना ०.३०४८ हा गुणक एकाच चौकटीत ठेवावा आणि बाकी सगळ्या सूत्रांनी तिथूनच घ्यावा. प्रत्येक ओळीत नव्याने टाइप केला, तर कुठेतरी ०.३४०८ होतोच. माझ्याकडून झाला होता, आणि तो सापडायला दोन संध्याकाळी गेल्या.

राहिल्या त्या जुन्या, एकक नसलेल्या नोंदी. त्यांतल्या बऱ्याच शस्त्रावरून ओळखता आल्या : पॉइंट टू-टूपुढे ३०० ते ४०० मधला आकडा असेल तर तो मीटरचाच, कारण ३५० फुटांनी जाणारी गोळी त्या रायफलीतून निघत नाही. एअर रायफलीपुढचे ५५० ते ५८० हे फूट. परंतु पॉइंट टू-टूपुढे १,१७४ लिहिलेले सापडले, तेव्हा मी थांबलो. तो जलद जातीच्या काडतुसाचा फुटांतला वेग असू शकतो, म्हणजे ३५८ मीटर. आणि ३२६ मीटरच्या साध्या काडतुसाचे ताशी किलोमीटर केले तरी बरोबर १,१७४ च येतात. फूट आणि ताशी किलोमीटर एकमेकांपासून दहाव्या भागाइतकेच दूर असल्यामुळे येथे आकडा स्वतःहून साक्ष देत नाही. त्या दिवशी कोणते खोके फोडले होते हे कोणाला आठवत नव्हते. अशा अकरा नोंदी निघाल्या. त्यांच्यापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे आणि रूपांतराचा रकाना कोरा सोडला आहे.